हजेरीची शर्यत

आपला मुलगा सगळ्यात शेवटी आला, ही गोष्ट गोजरबाई मढवींना वर्षभर सलत होती.

मुलगा जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटी आली होती ती त्याच्या नावाची गाडी. पण गोजरबाईंच्या लेखी त्यात काही फरक नव्हता. गाडीच्या कपाळावर 'जयदेव' लिहिलं होतं ना? मग शेवटी आला तो जयदेवच.

त्याचं असं होतं. बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी उल्हास खोरे विद्यापीठ आहे. तिथे शिकून सैन्यात गेलेला निशिकांत ठोसर नावाचा मेजर बऱ्याच वर्षांपूर्वी सीमेवर कामी आला. हा मेजर कॉलेजात असताना गाड्यांचा वेडा. तेव्हा त्याच्या मित्रांनी ठरवलं, पुतळा नको नि हॉलला नावही नको, आपण याच्या नावाची गाडी पळवू. मुलांनी पाइप जोडून सांगाडा केला, छोटं इंजिन बसवलं, जाडजूड टायर लावले आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मागच्या माळावर चिखलमातीतून ती पळवली. तेव्हापासून चालच पडली. विद्यापीठाचा जो जो माजी विद्यार्थी देशासाठी गेला, त्याच्या नावाची एकेक गाडी. आता पाच गाड्या होत्या. शर्यतीआधी सगळी इंजिनं बंद ठेवायची. सगळं मैदान चिडीचूप झालं की माइकवरून एकेक नाव पुकारायचं. नाव आलं की मैदानातले सगळे एका आवाजात ओरडणार, "हजर!" आणि त्याच क्षणी त्या नावाची गाडी सुरू होणार. पाचवं इंजिन पेटलं की झेंडा खाली. मुलं त्या दिवसाला 'हजेरी' म्हणत.

गोजरबाईंनी मागच्या वर्षी हजेरी पाहिली ती मांडवातल्या पहिल्या खुर्चीत बसून, अंगावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन. जयदेवची गाडी एखाद्या नव्या नवरीसारखी चालली होती. वळण आलं की थांबायची, मागून कोणी आला की बाजूला व्हायची. ती एकटीच शेवटची फेरी पुरी करत आली तेव्हा सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. चालवणारा पोरगा धावत आला, पाया पडला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "काकू, गाडीला एक ओरखडा पडू दिला नाही."

गोजरबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. परत येताना रिक्षात मात्र नवऱ्याला म्हणाल्या, "शेवटचा? माझा पोर शेवटचा?"

हिरामण बाहेर बघत राहिले. तसेही ते कमी बोलणारे. चामटोलीला थोडी भातशेती आणि एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीची नोकरी, दोन्ही त्यांनी जन्मभर एकाच संथ चालीने केलं होतं. जयदेव गेल्यापासून तर मुलाचं नावही त्यांच्या तोंडून निघेनासं झालं होतं.

गोजरबाईंचं पाणी वेगळं. त्यांचा जन्म मांजर्लीचा. आज जिथे इमारतींची रांग आहे तिथे तेव्हा भातखाचरं होती, आणि त्यांचे वडील रघु यांची शर्यतीच्या बैलांची जोडी पंचक्रोशीत गाजलेली होती. कापणी होऊन जमीन वाळली की शर्यती सुरू व्हायच्या. बायापोरींनी छकड्याजवळ यायचं नाही, असा दंडक. मग गोजर पेंढ्याच्या उडवीवर चढायची आणि तिथून अशी काही आरोळी ठोकायची की नदीपल्याडची माणसं मान वळवायची. चामटोलीत लग्न होऊन आल्यावर उडवी सुटली आणि आरोळीही. पण रक्तातली गोष्ट कुठे जाते? ती जयदेवात उतरली. दहावीत असताना त्याने शेजाऱ्याचा ट्रॅक्टर उतारावरून सुसाट सोडला आणि थेट ओढ्यात घातला. गोजरबाईंनी त्याला फोकाने झोडपलं. झोडपून झाल्यावर, दम खाता खाता विचारलं, "कुठल्या गियरमधी व्हता रं?"

तो इंजिनीअर झाला, सैन्यात गेला, कॅप्टन झाला. ईशान्येकडच्या डोंगरात रस्ता खुला करताना दरड कोसळली. खाली अडकलेल्या आपल्या माणसांना तो बाहेर काढत होता, दोघांना काढलंही, आणि वरून दुसरी दरड आली. गोजरबाईंना एवढंच ठाऊक होतं. याच्यापुढचं त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही.

यंदा डिसेंबर लागला तशी त्यांनी मनाशी गाठ मारली. एका सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी केली, डबा बांधला आणि नवं लुगडं नेसल्या.

"कुठं चाललीस?" हिरामण म्हणाले.

"विद्यापीठात."

"बोलवतील तेवा जाऊ ना."

"बोलवतील तेवा खुर्चीत बसवतील," गोजरबाई म्हणाल्या आणि निघाल्यासुद्धा.

वर्कशॉपच्या शेडमध्ये त्या शिरल्या तेव्हा एकच धावपळ उडाली. शहीद कॅप्टनची आई अशी न सांगता, हातात डबा घेऊन समोर उभी! कोणी रेडिओ बंद केला, कोणी काळे हात पॅन्टला पुसले, कोणी खुर्ची आणायला पळालं.

"खुर्ची नको रं बाबा. लई बसले खुर्चीत," गोजरबाई म्हणाल्या. "आमच्या जयदेवची गाडी कंची?"

जयदेवच्या गाडीच्या टोळीचा म्होरक्या विनीत नावाचा अंबरनाथचा मुलगा होता. शेवटच्या वर्षाला. त्याने अदबीने कोपऱ्यातला सांगाडा दाखवला. चाकं अजून लागायची होती. सांगाड्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते.

"आनि ही कोन चालवनार?"

पाय हलले, खालून फळी सरकली आणि गालाला ग्रीस लागलेली एक मुलगी उठून बसली. "मी, आंटी. मी जिज्ञासा. उल्हासनगरहून येते." तिच्या वडिलांचा उल्हासनगरात जीन्स शिवायचा कारखाना होता. घरात सिंधी, बाजारात हिंदी आणि कॉलेजात मराठी, अशा तिन्ही भाषा ती एकाच वाक्यात बोलायची.

"किती पळवशील?" गोजरबाईंनी विचारलं.

उत्तर विनीतने दिलं. "काकू, तुम्ही अजिबात काळजी करू नका. आम्ही पूर्ण आदराने चालवणार. मागच्या वर्षी चालवली तशीच."

"तेच नको!" गोजरबाईंचा आवाज शेडच्या पत्र्यावर जाऊन आदळला. "तेच सांगायला आले मी. ती गाडी व्हती का तिरडी? बाकीचे चार जन पळतात नि माझा पोर आपला सगल्यांना वाट देतो. अरे, त्यानं जल्मात कोनाला वाट दिली नाय! जेवायच्या ताटाकडं पन धावत यायचा."

दारात कोणीतरी हसलं. सुनेत्रा मॅडम उभ्या होत्या. हजेरीचं सगळं त्याच बघत आणि माइकवरून नावंही त्याच पुकारत. जयदेवला त्यांनीच शिकवलं होतं.

"गोजरताई, तुम्हाला ठाऊक आहे का, तो इथे असताना ठोसर मेजरांच्या नावाची गाडी चालवायचा?"

"चालवायचा? आमाला बोलला नाय कधी."

"कसा बोलेल? दोनदा उलटवली त्याने ती. दुसऱ्यांदा तर डोक्यावर उभी केली होती. मी ओरडले, तर म्हणतो कसा, मॅडम, मेजरसाहेब वरून बघत असतील, त्यांना कंटाळा यायला नको."

गोजरबाई बघतच राहिल्या. मातीने लडबडलेले ते शर्ट त्यांच्या डोळ्यांपुढे आले. दगडावर आपटून आपटून धुतले होते त्यांनी. "आनि मना सांगायचा, वर्कशॉपमधी पाइप फुटला! मेल्यानं..."

शब्द तोंडातून निघाला आणि सगळी शेड गोठली. मग गोजरबाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या, हसता हसता डोळे वाहायला लागले, आणि ते पुसायचं सोडून त्यांनी डबा उघडला. "घ्या रं, खावा. भाकरी गार होते."

जिज्ञासाने भाकरीचा तुकडा मोडला. पण तो तोंडात न घालता ती हळूच म्हणाली, "आंटी, सच बोलू? पळवायची तर मला आहेच. पण डर लागतो. तुम्ही समोर असणार. गाडी पलटी झाली तर तुम्हाला कसं वाटेल?"

"पलटी जाली तर सरल करायची नि परत बसायचं," गोजरबाई म्हणाल्या. "तू पडलीस तर मना वाईट वाटंल. पन तू भिऊन चाललीस तर त्याहून वाईट वाटंल. तुज्यासाठी नाय बाय, त्याच्यासाठी."

त्या दिवसापासून गोजरबाईंचे रविवार बदलले. घरचं आवरलं की त्या माळावर हजर. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. कळून घ्यायची हौसही नव्हती. त्यांना हवा होता तो आवाज, ती धूळ, वळणावर मागचं चाक सुटल्यासारखं होणं. जिज्ञासा उतारावरून झेपावत आली की त्या जागच्या जागी दोन पावलं पळायच्या. जिज्ञासाच्या आईने एकदा सगळ्यांसाठी डाळ-पकवान पाठवलं, तेव्हा गोजरबाईंनी ते कुरकुरीत पकवान भाकरीसारखं मोडून सुकटीबरोबर खाल्लं, आणि पोरं हसून लोळली. दर रविवारी त्या हिरामणना विचारत, "येता का?" दर रविवारी हिरामणना शेतात काहीतरी काम निघे.

सव्वीस जानेवारी उजाडली. झेंडावंदनाला हिरामण आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. राष्ट्रगीत झालं, सगळे खाली माळावर गेले. मांडवात खुर्च्या मांडलेल्या होत्या. गोजरबाईंनी शाल घेतली, नमस्कार केला, नारळ नवऱ्याच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरायला लागल्या.

"आई, आपली जागा इथे आहे," विद्यापीठाचे एक साहेब घाईने म्हणाले.

"माजी जागा तिथं हाय," गोजरबाईंनी मार्गाकडेच्या दोराकडे बोट दाखवलं. साहेबांनी सुनेत्रा मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माइक सारखा करत नुसती मान हलवली. जाऊ द्या.

दोराशी पोरांची ही गर्दी! त्यांनी गोजरबाईंना पुढे जागा करून दिली. पाच गाड्या रेघेवर उभ्या होत्या, मुक्या. जयदेवची गाडी मधोमध, लाल रंगाची. हेल्मेटमधून जिज्ञासाचे डोळे तेवढे दिसत होते. माळावर शांतता पसरली. दूर अंबरनाथच्या बाजूने कुठल्या तरी शाळेचा बँड ऐकू येत होता, तोही थांबला.

"मेजर निशिकांत ठोसर!"

"हजर!" डोंगरावरून आवाज परत आला आणि निळी गाडी गुरगुरली.

दुसरं नाव आलं, मग तिसरं. गोजरबाईंच्या हाताची दोरावरची पकड घट्ट झाली.

"कॅप्टन जयदेव हिरामण मढवी!"

"हजर!" हजारभर गळ्यांतून शब्द आला, पण गोजरबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. शेजारची पोरं चमकून बघायला लागली. लाल गाडी गर्जून उठली. पाचवं नाव पुकारलं गेलं, पाच इंजिनांनी माळ दणाणला, आणि झेंडा पडला.

पहिल्याच वळणावर जिज्ञासाने एकाला मागे टाकलं. चढणीवर तिची पुढची दोन्ही चाकं उचलली गेली आणि गोजरबाईंचा श्वासही त्यांच्याबरोबर वर गेला. गाडी धप्पकन टेकली आणि उधळली. "मढवी दुसरा! मढवी दुसरा!" पोरं नाचायला लागली. पुढे फक्त निळी गाडी, ठोसर मेजरांची. दोन फेऱ्या ती दोघं एकमेकांना चिकटून धावली. चिखलाच्या खड्ड्यात दोन्ही गाड्या दिसेनाशा व्हायच्या आणि पलीकडून तपकिरी होऊन बाहेर पडायच्या. लाल कुठली नि निळी कुठली ओळखू येईना. गोजरबाईंची शाल केव्हाच खांद्यावरून घसरली होती.

"दाब, जिग्ग्या! बाहेरून घे! बाहेरून!" विनीत बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

जिज्ञासाने बाहेरून घेतलीच. चिखलाच्या खड्ड्याला वळसा घालून ती निळ्या गाडीच्या बरोबरीला आली, अर्धी गाडी पुढेसुद्धा सरकली, आणि कडेला रचलेल्या टायरांना तिचं मागचं चाक लागलं. लाल गाडी उचलली गेली. एक कोलांटी घेऊन कुशीवर आपटली. वर मातीचा लोट उठला.

शिट्ट्या वाजल्या, धोक्याचे पिवळे झेंडे फडकले, बाकीच्या गाड्या मंदावून एकामागे एक रांगेत फिरायला लागल्या. आणि सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, गोजरबाईंकडे पाहिलं.

गोजरबाईंना दिसत होती ती फक्त वरून खाली येणारी माती. आपणच पोरीला सांगितलं पळव म्हणून, एवढंच त्यांच्या मनात आलं. तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता.

मातीतून एक हातमोजा वर आला. अंगठा ताठ उभा.

मदतीची माणसं पोचली. त्यांनी जिज्ञासाला वाकून वाकून विचारलं, मान हलवून बघायला लावली, डॉक्टरांनी डोळ्यांत पाहिलं. तिला काहीच लागलं नव्हतं. गाडी सरळ केली. आता पुढे जायचं की नाही ते तिने ठरवायचं होतं. ती गाडीत बसून होती, आणि तीही गोजरबाईंकडेच बघत होती.

तेवढ्यात मांडवातून आवाज आला.

"अरे बघता काय! पळव! जयदेव! ऊठ, जयदेव, पळव!"

हिरामण उभे होते. टोपी कुठे गेली होती कोण जाणे. मांडीवरचा नारळ घरंगळत साहेबांच्या बुटाशी जाऊन थांबला होता. पस्तीस वर्षांच्या संसारात गोजरबाईंनी या माणसाला बैलावरसुद्धा ओरडताना ऐकलं नव्हतं. तो माणूस आता दोन्ही हात वर करून मुलाच्या नावाने हाका मारत होता. अंगातली सगळी ताकद लावून.

"जय... देव!" गोजरबाईंनी आरोळी ठोकली, आणि त्यांच्यामागून सगळा माळ ओरडला, "जयदेव! जयदेव!"

लाल गाडीने खोकल्यासारखा आवाज केला, पुन्हा एकदा केला, आणि पेटली.

त्यानंतरच्या फेऱ्या ज्यांनी पाहिल्या ते अजून त्यांचं वर्णन करतात. पिवळे झेंडे उतरले तेव्हा जिज्ञासा शेवटच्या नंबरावर होती. मागचं एक मडगार्ड लोंबत होतं, ते तिसऱ्या वळणावर गळून पडलं. तिने एकाला उतारावर गाठलं, दुसऱ्याला चिखलात, तिसऱ्याला अशा बारीक जागेतून मागे टाकलं की तिथून सायकलसुद्धा जाणार नाही. हिरामण मांडव सोडून दोराशी कधी आले ते गोजरबाईंना कळलंच नाही. दोघंही ओरडत होते, दोघांचेही हात एकाच दोराला ओढत होते. शेवटच्या सरळ पट्टीत निळी पुढे, लाल तिच्या शेपटाला. मग पाठीशी, मग खांद्याशी. झेंडा पडला तेव्हा निळ्या गाडीचं नाक हातभर पुढे होतं. हातभरच.

"दुसरा!" हिरामण म्हणाले. "गोजर, दुसरा आला आपला जयदेव!"

पोरांनी दोर तोडला. जिज्ञासा हेल्मेट काढून धावत आली आणि डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेली ती गोजरबाईंच्या गळ्यात पडली. नव्या लुगड्याची माती झाली. "आंटी, सॉरी, एकदम जवळ होती मी, बस थोडं राहिलं..."

"सॉरी काय सॉरी!" गोजरबाईंनी तिचे चिखलाचे गाल दोन्ही हातांत धरले. "अशी पळवलीस बाय, अशी पळवलीस! काळजाचं पानी केलंस माज्या!"

ठोसर मेजरांचे थोरले भाऊ पुण्याहून आले होते, हातात काठी आणि गळ्यात विजेत्याची माळ. ते गर्दीतून वाट काढत मढवी नवरा-बायकोपाशी आले. दोन घरं एकमेकांना नुसती तोंडओळखीने ठाऊक होती. आजवर त्यांच्यात खुर्चीतल्या खुर्चीत नमस्कारापलीकडे काही बोलणं झालं नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "आज तुमच्या जयदेवने आमच्या निशीला घाम फोडला हो."

"पुढच्या वर्षी सोडत नाय," गोजरबाई म्हणाल्या. "सांगून ठेवा तुमच्या भावाला."

"तोही काही लेचापेचा नाही. या पुढच्या वर्षी."

"येनार म्हंजे काय! येनारच!"

विनीत लाल गाडीभोवती फिरून नुकसान पाहत होता. एका बाजूला सांगाडा चेपला होता आणि 'जयदेव'मधला 'ज' अर्धा खरवडून गेला होता. त्याने चाचरत विचारलं, "काकू, नाव लगेच नवीन रंगवू का?"

गोजरबाईंनी बोटाने त्यावरची माती निपटली. "नको," त्या म्हणाल्या. "असू दे चार दिवस. पळाल्याची निशानी हाय ती."

सुनेत्रा मॅडमनी त्या दिवशी साहेबांशी काय वाद घातला ते बाहेर कळलं नाही. पण आता हजेरीला घरच्या माणसांच्या खुर्च्या मांडवात नसतात, दोराशी असतात, आणि त्यांच्यावर बसत कोणीच नाही.

हजेरी झाली त्याच आठवड्यात चामटोलीच्या घरी फोन वाजला. गोजरबाई शेतावर होत्या, म्हणून हिरामणनी उचलला. "अंकल, आंटींना सांगा ना," पलीकडून जिज्ञासा म्हणाली, "संडेला गाडी पुन्हा उभी करतोय. इंजिन पूर्ण खोलणार आहोत. त्या येतील का?"

"सांगतो," हिरामण म्हणाले. "पोरी, मी आलो तर चालंल ना?"